सहा टनांचा बोल्ट आणि पंचावन्न किलोंच्या मावशी

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये रविवार गुरुवारी येतो. वीज सगळ्यांना वाटून पुरावी म्हणून कधीकाळी लागलेली ही सुट्टी एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांनी अजून सांभाळली आहे. त्यामुळे गुरुवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्या गाडीचं बॉनेट उघडू नये, हे इथं नव्यानं राहायला येणाऱ्याला चावी देतानाच सांगायला हवं.

माझ्या गाडीच्या डाव्या चाकापाशी 'कट्ट' असा आवाज येत होता. मी बॉनेट उघडलं. आवाज खालून येतोय तर बॉनेट कशाला, असं विचाराल. पण माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं आहे आणि गाडीत बॉनेट सोडून उघडण्यासारखं दुसरं काही मला ठाऊक नाही. बॉनेट वर झालं आणि जिन्यात चपला वाजू लागल्या.

आमच्या बिल्डिंगमध्ये माणसाला आडनावानं कुणी ओळखत नाही, डिपार्टमेंटनं ओळखतात. पहिले आले क्वालिटीवाले. त्यांच्यामागून फोर्जिंगवाले, हातात चहाचा कप. मग टूलरूमवाले. शेवटी टेल्को काका. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण काकांनी ते अजून मंजूर केलेलं नाही. मी बँकेत असल्यामुळे मला 'बँकवाले' म्हणतात आणि गाडीच्या चर्चेत बॅटरी धरायला देतात.

क्वालिटीवाले लुंगीसकट गाडीखाली गेले आणि आतूनच म्हणाले, "लोअर आर्मच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट गेलाय. दुसरा आहे. बँकवाले, उजेड इकडे. डोक्यावर काय लिहिलंय वाचा."

मी वाकून वाचलं, "दहा पूर्णांक नऊ." मला वाटलं किंमत असेल आणि हायसं वाटलं.

"टेन पॉइंट नाइन!" फोर्जिंगवाले आदरानं म्हणाले. पुढची वीस मिनिटं माझी शिकवणी झाली. त्यातून एवढं कळलं की बोल्टाच्या डोक्यावरचा पहिला आकडा शंभरानं गुणायचा. दहा म्हणजे हजार मेगापास्कल, इतक्या ताणापर्यंत तो तुटत नाही. दुसरा आकडा नऊ, म्हणजे त्या हजाराच्या नव्वद टक्क्यांवर, नऊशेला, तो 'यील्ड' होतो.

"यील्ड म्हणजे?"

उत्तर टेल्को काकांनी दिलं. "जावई बघितलाय का? रुसतो, दोन दिवसांनी परत ताळ्यावर येतो. ते इलॅस्टिक. पण एक हद्द ओलांडली, की तुटत नाही, सोडून जात नाही, फक्त पहिल्यासारखा पुन्हा कधी होत नाही. ते यील्ड."

फोर्जिंगवाल्यांचे सासरे मागेच उभे होते. फोर्जिंगवाल्यांनी घाईघाईनं विषय शियरवर नेला.

हा दहा मिलिमीटरचा बोल्ट, करंगळीएवढा, सरळ ओढत गेलं तर सुमारे सहा टनांपर्यंत दाद देत नाही. म्हणजे माझ्या गाडीसारख्या सहा रिकाम्या गाड्या एकाखाली एक टांगल्या तरी चालतील. मी हे बोलून दाखवल्यावर चौघांनीही माझ्याकडे दयेनं पाहिलं. बोल्ट काही टांगायला नसतो, दोन भाग एकमेकांवर आवळून धरायला असतो, हे त्यांनी मला चार वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं आणि मग कुणाचा प्रकार बरोबर यावर त्यांचंच जुंपलं. टूलरूमवाले म्हणाले, "वाद कशाला? भोसरीत आमच्या ओळखीची लॅब आहे. यूटीएमवर लावू, तुटेपर्यंत ओढू, सर्टिफिकेट मिळेल." या शास्त्राची ही एक गंमतच आहे. बोल्ट चांगला होता हे सिद्ध होईपर्यंत बोल्ट उरत नाही.

तोवर दहा वाजले, चौघांना घरून हाका आल्या आणि मी स्कूटर काढून बोल्ट आणायला निघालो.

पुण्याहून नाशिककडे जाताना भोसरीपासून चाकणपर्यंत दोन्ही अंगांना ज्या शेड दिसतात, त्यांत रोज किती बोल्ट जन्माला येत असतील याचा हिशेब ब्रह्मदेवालाही एक्सेलमध्ये करावा लागेल. दुचाकी, तीनचाकी, ट्रक, जर्मन मोटारी, सगळ्यांना इथून माल जातो. अशा गावात एक बोल्ट मिळत नाही. पाचशे मिळतात.

"दहा एमएम, दहा-नऊ आहे का?"

"किती किलो?"

"एक."

"एक किलो?"

"एक नग."

दुकानदारानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे कुणी मोठं माणूस आलंय का ते पाहिलं. "एकासाठी पेटी फोडत नाही, भाऊ. आठ-आठ सुटा आहे, तो घेऊन जा. तेच असतं."

"मग फरक काय?"

"सहा रुपये."

आठ-आठचा यील्ड ६४०, दहा-नऊचा ९००. मधला २६० मेगापास्कलचा फरक त्यानं सहा रुपयांत मिटवून टाकला.

पुढच्या दुकानातले शेठ जास्त मायाळू होते. त्यांनी लखलखीत स्टेनलेसचा बोल्ट तळहातावर ठेवला. "गंजणार नाही. नातवंडं वापरतील." इतका देखणा बोल्ट मी पाहिला नव्हता. डोक्यावर 'ए२-७०' कोरलेलं. क्वालिटीवाल्यांना फोन लावून वाचून दाखवलं, तर ते ओरडलेच, "ठेवा खाली! सत्तर म्हणजे सातशे!" म्हणजे चकाकी जास्त, किंमत जास्त, ताकद कमी. मी जड मनानं तो परत केला.

तिसऱ्या दुकानात बोल्ट अगदी हवा तसा होता, फक्त डोकं कोरं.

"याच्यावर नंबर नाहीये."

"घालून देऊ का? पंच आहे."

अखेर अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवर तो सापडला; प्लॅस्टिकच्या पिशवीत, बारकोडसकट, एकटा. किंमत ऐकली आणि हा नक्की सहा टन पेलत असणार याबद्दल माझी खात्री पटली.

आता तो आवळायचा होता. कंपनीत हे काम कसं होतं ते क्वालिटीवाल्यांनी मला गॅरेजपर्यंतच्या वाटेवर सांगितलं. किती न्यूटन-मीटर ते ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. टॉर्क रेंच तेवढ्यावर आला की 'टिक' करतो, मग पेंटनं खूण करायची. तो रेंच स्वतः खरा बोलतो की नाही हेही ठरावीक मुदतीनं तपासायचं. कमी आवळला तर सुटतो, जास्त आवळला तर यील्ड होतो, म्हणजे पुन्हा जावई. सांगताना त्यांचा चेहरा आरतीला उभं राहिल्यासारखा झाला होता.

गॅरेजवाल्या दादाला मी रुबाबात विचारलं, "टॉर्क रेंच आहे का?"

"आहे ना," म्हणून तो आत गेला आणि दोन फुटी पाइप घेऊन आला. पाना बोल्टाला, पाइप पान्याला आणि दादा पाइपला. "हाताला कळतं, साहेब."

मी क्वालिटीवाल्यांकडे पाहिलं. रॉकवेल हार्डनेस दोन आकड्यांनी कमी आली म्हणून अख्खा लॉट गेटवरून परत धाडणारा हा माणूस. व्हेंडर त्यांचं नाव घेताना कानाला हात लावतात. ते कमरेवर हात ठेवून क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "अजून अर्धा आटा दे."

त्या दिवसापासून मला संशय आहे की या पट्ट्यातली माणसं गेटमधून बाहेर पडताना आयकार्ड पंच करतात तेव्हा डोक्यातले आकडेही आतच जमा होतात. सकाळी परत आत गेलं की परत मिळतात.

नाहीतर शोरूममधला तो प्रकार काय म्हणून होतो? गाडी घ्यायला गेलेला आपला माणूस इंजिनाबद्दल एक अक्षर विचारण्याआधी दारावर थाप मारतो. मग बॉनेटवर. मग मागच्या पत्र्यावर अंगठा दाबून बघतो. 'डब' असा आवाज आला तर गाडी दणकट, 'टण' आला तर डबा. माझ्या मेहुण्याची गाडी घ्यायला आम्ही गेलो होतो, तेव्हा टूलरूमवाल्यांना तज्ज्ञ म्हणून नेलं होतं. तेही थापा मारत होते. आणि मधूनच, कर्तव्य म्हणून, खरं काय तेही सांगत होते.

खरं असं, की ज्या पत्र्यावर आपण थाप मारतो तो जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो आणि गाडीला तो झाकण्यापुरताच लागतो. ताकद असते दोन दारांच्या मधल्या खांबात. त्याचं पोलाद नऊशे अंशांच्या वर तापवून, साच्यात दाबून, दाबलेल्या साच्यातच गार करतात आणि मग ते दीड हजार मेगापास्कलला जातं, माझ्या सहा टनी बोल्टापेक्षा दीडपट. "पण तिथं अंगठा पोचत नाही ना," टूलरूमवाले खिन्नपणे म्हणाले.

गाडीचा पुढचा भाग तर मुद्दाम चेपण्यासाठीच बनवतात. बेला बारेन्यी नावाच्या मर्सिडीजच्या इंजिनिअरनं १९५२ मध्ये याचं पेटंट मिळवलं. माणसं बसतात तो पिंजरा कडक ठेवायचा, पुढचं-मागचं चेपू द्यायचं, म्हणजे धडकेचा जोर पत्र्यातच जिरतो. १९५९ साली तशी गाडी रस्त्यावर आलीही. त्याच मर्सिडीजचा कारखाना आज आपल्या चाकणला आहे, पण बारेन्यीचं म्हणणं चाकणहून आमच्या पार्किंगपर्यंत पोचायचं अजून बाकी आहे.

"म्हणजे पुढून चेपणार हे कंपनीला माहीत असतं?" मेहुण्यानं विचारलं.

"चेपायलाच हवं."

"मग पूर्ण गाडीचे पैसे का घेतात?"

सेल्समननं पाणी आणायला सांगितलं.

टेल्को काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते नुसते हसले. त्यांची जुनी फियाट एकदा चिंचवड स्टेशनजवळ विजेच्या खांबाला धडकली होती. खांब वाकला, फियाटला ओरखडा नाही. ही गोष्ट काका लग्नात, बारशात आणि दहाव्यालाही सांगतात.

"आणि तुम्हाला काही लागलं का, काका?"

"मला? सात टाके. पण गाडीला, म्हणजे, अजिबात नाही!"

आता ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपी आलं आहे. ताशी ६४ किलोमीटरनं गाडी अडथळ्यावर अर्धवट धडकवून, आतल्या पुतळ्यांचं काय झालं ते मोजून, तारे देतात. लोक हल्ली तारे विचारतात, पाच आहेत म्हटल्यावर समाधान पावतात आणि मग थाप मारतात. चाकणच्या तळेगाव चौकात रोज अडकणारे आमचे फोर्जिंगवाले म्हणतात, "ताशी ६४? आमच्याकडे हा वेग बघायला रात्री दोनला यावं लागेल." याच फोर्जिंगवाल्यांच्या गाडीत बसलं की सीटबेल्टच्या खाचेत एक सुटी पितळी रंगाची जीभ खुपसलेली दिसते. पट्टा नाही, नुसती जीभ. पट्टा लावला नाही की गाडी टिंग-टिंग करते, ती गप्प बसवण्यासाठी. पट्टा जिथं बॉडीला धरलेला असतो ती जागा चाचणीत साडेतेरा किलोन्यूटनला, म्हणजे पावणेचौदाशे किलोंच्या ओढीला टिकावी लागते. तिथला बोल्ट, तिथली पट्टी, कदाचित यांच्याच कुणा शेजाऱ्यानं तपासून पास केलेली. एवढ्या सगळ्याला शंभर-सव्वाशेच्या जिभेनं गुंडाळलं. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना या जिभा विकायला मनाई केली, तेव्हा फोर्जिंगवाले हळहळले. "आधी सांगितलं असतं तर दोन जास्तीच्या घेऊन ठेवल्या असत्या."

आणि भार? भाराच्या बाबतीत तर आकडा ही आपल्याकडे बोलणी सुरू करायची जागा असते. टाटांनी २००५ मध्ये 'एस' काढली, पाऊण टनाचा छोटा ट्रक. लोकांनी तिचं नाव छोटा हत्ती ठेवलं. एकदा हत्ती म्हटल्यावर पाऊण टनावर कोण थांबणार? भोसरीच्या सिग्नलला असाच एक हत्ती मागच्या चाकांवर बसल्यासारखा उभा होता, पुढचं तोंड आकाशाकडे. आत कास्टिंग रचलेली. मी ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, जास्त झालंय का?"

"नाय हो. माल हलकाच आहे, जागा जास्त घेतो."

जादा भाराला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, असा कायदा आहे. पण कायद्यापेक्षा एका वाक्यावर आपला विश्वास जास्त : "कंपनीनं मार्जिन ठेवलेलं असतंच." इंजिनिअर बिचारा खड्डा, गंज, वितळवताना राहिलेली एखादी खोट, अशा न दिसणाऱ्या गोष्टींसाठी थोडी ताकद राखून ठेवतो. आपल्याला तिचा सुगावा लागतो आणि आपण तिथं गव्हाचं पोतं ठेवतो.

आमच्याकडे पोतं नव्हतं, रुखवत होतं. मावशींच्या नातीचं लग्न नारायणगावला. गाडीत मी, सौभाग्यवती, मेहुणा, मावशी आणि मावसाजी, शिवाय पितळी घंगाळ, लाडवांचे डबे आणि लोकरीचा एक भलामोठा ससा. आरसी काढून मी हिशेब मांडला. रिकामी गाडी नऊशे किलोंच्या आसपास, भरलेली तेराशेच्या आत हवी. म्हणजे माणसं, सामान मिळून चारशे. मी कागद-पेन घेऊन प्रत्येकाला वजन विचारलं. धातूंच्या ताकदीचं शास्त्र कुठं अडतं ते मला तेव्हा कळलं.

"पंचावन्न," मावशी म्हणाल्या. कुठल्या सालचे ते विचारायची माझी छाती झाली नाही.

"सत्तर. रिकाम्या पोटी," मावसाजी.

"अठ्ठ्याऐंशी, पण जिम लावलीय. ऐंशी धरा," मेहुणा.

सौभाग्यवती म्हणाल्या, "माझं तुम्हाला माहीत असायला हवं." मी एक आकडा लिहिला. त्यांनी तो वाचला. मी तो खोडला.

क्वालिटीवाले खिडकीत वाकून बघत होते. "बेरीज किती?"

"सामान धरून तीनशे चाळीस."

त्यांनी मागच्या सीटवर एक नजर टाकली, मग मागच्या चाकाकडे, मग माझ्याकडे, आणि सुसंस्कृत माणूस असल्यामुळे काही बोलले नाहीत. मेहुणा मात्र टायरपाशी बसला होता. "दाजी, इथं ८२ लिहिलंय! नेटवर बघितलं, ८२ म्हणजे ४७५ किलो. एका टायरला. चौक एकोणीसशे! आपण कशाला घाबरतोय?"

"टायर पेलेल हो," क्वालिटीवाले म्हणाले, "स्प्रिंग पेलायला हवी. ॲक्सल पेलायला हवा. आणि हे सगळे आकडे रस्ता बरा आहे असं धरून असतात." मग आवाज खाली आणून त्यांनी मला वोलर नावाच्या जर्मन इंजिनिअरची हकीकत सांगितली. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस कधी धडधाकट चालता चालता मधेच तुटत, तेव्हा त्यानं वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून पाहिलं. एकदाच मोठा भार घालून जो धातू तुटत नाही, तो त्याहून कितीतरी लहान भार लाखो वेळा दिल्यावर तुटतो. म्हणून आता कंपन्या पार्ट यंत्रावर ठेवून दिवसरात्र हादरवतात. या यंत्राला एवढा पैसा का घालतात ते मला कळत नाही. पार्ट टेम्पोत घालून चाकण-तळेगाव रस्त्यानं पाठवला की तेच काम डिझेलच्या खर्चात होतं.

"एक करा," क्वालिटीवाले म्हणाले. "हायवेला ट्रकचा वजनकाटा लागेल. गाडी चढवा, पावती घ्या. आकडा समोर आला की वाद मिटला."

मोशी सोडल्यावर काटा दिसला. पुढे दोन ट्रेलर, मागे एक टँकर, मधे आमची गाडी, ससा काचेला नाक लावून. आमची पाळी आली. मी चाकं लोखंडी प्लॅटफॉर्मवर घेणार तोच मावशी म्हणाल्या, "थांब जरा. पाय आखडलेत, उतरते."

"मावशी, वजन झालं की उतरा."

"नाही, आत्ताच आखडलेत."

मावशी उतरल्या, म्हणून मावसाजी उतरले. सौभाग्यवतींना फोन आला, त्या रेंज शोधत टपरीकडे गेल्या. मेहुणा "मी गाडी सरळ घ्यायला सांगतो" म्हणत बाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही पण उतरा ना, ड्रायव्हरला उतरवतातच." काट्यावर गाडी, घंगाळ, लाडू आणि ससा उरले.

खिडकीतून मुलानं डोकं बाहेर काढलं. "काका, भरलेली लिहू का रिकामी?"

मी तोंड उघडण्याआधी मावशी लांबूनच म्हणाल्या, "रिकामी लिही रे, बाळा."

छापील पावती आली, तारीख-वेळेसकट : ९८० किलो. टँकरवाला हॉर्न देत होता. मेहुण्यानं पावती माझ्या हातातून घेतली आणि बोटांवर हिशेब केला. "तेराशेला अजून तीनशे वीस बाकी आहेत!"

मावशींनी पावतीची घडी घालून पर्समध्ये, पैशांच्या कप्प्यात, नीट ठेवली. सगळे पुन्हा आत बसले. गाडी मागून चार बोटं खाली गेली, दारं दोनदा आपटून लावावी लागली.

"तीनशे वीस म्हणतोस?" मावशी म्हणाल्या. "मग चाकणला बाजारात थांबव. तिथं कांदा चांगला मिळतो. एक गोणी घेऊ."